सुजलेला पाय आणि 'दुखतंय का?' हा निरर्थक प्रश्न



मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखाली लुळा पडलेला आपला एखादा सहकारी सुजलेला पाय घेऊन दवाखान्यात जातो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, 'दुखतंय का?' इटारसीत तोच प्रश्न 'दर्द है क्या?' असा असतो, सुरतेत 'दुखे छे?' असा असतो. उत्तर मात्र सगळीकडे एकच मिळते : 'नाही'. मग कागदावर ठरलेली ओळ उमटते. बसून बसून आलेली सूज. पाय उंच ठेवा. आठ दिवसांनी दाखवा. व्हीलचेअर आली तशी परत जाते आणि पुढच्या माणसाला हाक मारली जाते.

हे निदान नाही, ही बोळवण आहे. ज्याच्या पायाची संवेदनाच गेली आहे, त्याला 'दुखतंय का' विचारून त्याच्या 'नाही' या उत्तरावर विसंबणे म्हणजे सिग्नलची तार तुटलेली असताना 'लाल दिवा दिसला नाही' म्हणून गाडी पुढे काढण्यासारखे आहे. रेल्वेत असे करणाऱ्याला चार्जशीट मिळते. दवाखान्यात मात्र ही रोजची रीत होऊन बसली आहे. तिच्याविरुद्ध संघटनेने आता स्पष्ट बोलले पाहिजे.

हा प्रश्न आपला का?

रुळावर काम करणारा ट्रॅक मेंटेनर, म्हणजे आपला जुना गँगमन, ओव्हरहेड वायरच्या शिडीवर चढणारा कामगार, शंटिंगच्या वेळी डब्यांमध्ये उतरणारा पॉइंट्समन, रहदारीतून बटवडा करणारा पोस्टमन, कच्च्या रस्त्याने थैली नेणारा ग्रामीण डाक सेवक. उंचावरून पडणे आणि रस्त्यावरचा अपघात ही आपल्या देशात कणा मोडण्याची दोन मोठी कारणे आहेत आणि दोन्ही आपल्या कामाच्या वाटेवरच उभी आहेत.

अशा साथीची नोकरी टिकावी म्हणून कामगार चळवळीने आणि अपंगांच्या चळवळीने मोठा लढा दिला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४७ ने सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढण्यास मनाई केली. २००३ मध्ये कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाला बळ दिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तेच संरक्षण कलम २० (४) मध्ये आले. आधीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे आणि तसे पद नसेल तर जादा पद निर्माण करावे, असे हा कायदा सांगतो.

नोकरी वाचली हे चांगलेच झाले. पण त्या दुसऱ्या कामाच्या टेबलामागे आठ तास व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचा पाय एका संध्याकाळी दुप्पट जाड दिसू लागला, तर पुढे काय करायचे याचा लेखी नियम आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? पगार चालू आहे आणि पायाकडे कोणी पाहत नाही, अशा संरक्षणाला अर्थ काय?

साक्षीदारच गैरहजर

पाय का सुजतो, हे आधी समजून घेऊ. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आतल्या शिरा पिळतात आणि रक्त वर हृदयाकडे ढकलतात. पाय लुळा पडला की हा पंप बंद होतो. रक्त आणि पाणी खाली साचते. एवढ्यापुरते 'बसून आलेली सूज' हे म्हणणे खरेही आहे.

पण रक्त साचते तिथेच त्याची गुठळी होते. शिरेत गुठळी होण्यामागे तीन गोष्टी असतात, हे रुडॉल्फ फिर्शो या जर्मन वैद्याच्या १८५६ मधील कामापासून वैद्यकशास्त्राला माहीत आहे : रक्ताचा वेग मंदावणे, रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे आणि शिरेच्या भिंतीला इजा होणे. अपघातात कणा मोडलेल्या माणसात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हजर असतात. पहिल्या तीन महिन्यांत धोका सर्वांत जास्त असतो. नंतर तो कमी होतो, पण संपत नाही. ताप येऊन महिनाभर अंथरुणाला खिळले, एखादी शस्त्रक्रिया झाली की तो पुन्हा वाढतो.

चालत्या-फिरत्या माणसाच्या पोटरीत गुठळी झाली, तर बहुधा ती दुखते. तो लंगडतो आणि डॉक्टरकडे धावतो. मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या माणसाला ही सूचना मिळतच नाही. इजा अपुरी असेल तर थोडीफार संवेदना उरते, काहींना तर लुळ्या पायात सतत आग होते. पण तीही विश्वासाची साक्ष नव्हे, कारण ती नेहमीचीच असते. पाऊल वर वळवून पोटरी दुखते का हे पाहण्याची जुनी 'होमन्स' तपासणी धडधाकट माणसातही भरवशाची नाही. लुळ्या पायात ती करून 'निगेटिव्ह' लिहिणे ही शुद्ध फसवणूक आहे.

मात्र शरीर गप्प राहते असे समजू नका. ते दुसऱ्या भाषेत बोलते. पायाचे झटके एकाएकी वाढतात. बारीक ताप येतो. ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर आहे, त्यांचे डोके ठणकू लागते, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला दरदरून घाम फुटतो आणि रक्तदाब चढतो. अशा माणसाचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० च्या घरात असतो. म्हणून १४० हा आकडा पाहून 'फारसा नाही' म्हणणारा डॉक्टर चुकतो. त्या माणसासाठी तो धोक्याचा आहे. तुंबलेली लघवी, तुंबलेला शौच, बेडसोर, मोडलेले हाड, गुठळी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. त्याला तत्काळ उठवून बसवावे, कपडे आणि पट्टे सैल करावेत, लघवीची नळी तपासावी आणि डॉक्टरला बोलवावे.

चार संशयित

एका पायाची नवी सूज दिसली की चार कारणे डॉक्टरच्या डोळ्यांपुढे उभी राहिली पाहिजेत.

पहिले, खोल शिरेतील गुठळी. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर माणूस काही मिनिटांतही दगावू शकतो. मज्जारज्जूच्या इजेनंतर पहिल्या वर्षातील मृत्यूंच्या प्रमुख कारणांत फुप्फुसातील गुठळीची गणना होते. एकाएकी धाप लागणे, नाडी जलद होणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे, थुंकीत रक्त, ही तिची लक्षणे. छातीत दुखेलच असे नाही, कारण वरच्या पातळीची इजा असेल तर छातीलाही संवेदना नसते.

दुसरे, मोडलेले हाड. लुळ्या पायावर भार येत नाही, म्हणून पहिल्या एक-दोन वर्षांतच हाडे झपाट्याने ठिसूळ होतात. पलंगावरून व्हीलचेअरवर सरकताना पाय मुरगळला, गाडीच्या दारात अडकला, व्यायाम देताना जरा जोर लागला, एवढ्यानेही गुडघ्याच्या वरचे किंवा खालचे हाड मोडते. आवाज नाही, वेदना नाही. दुसऱ्या दिवशी दिसतात फक्त सूज आणि लाली. 'पडलो नाही' असे रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो आणि एक्स-रे काढायचा राहून जातो.

तिसरे, नको तिथे तयार होणारे हाड. कमरेच्या किंवा गुडघ्याच्या सांध्याभोवती, स्नायूंच्या मधल्या जागेत नवे हाड धरू लागते. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांमध्ये ऑगस्टा देजेरिन-क्लुम्पके यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९१८ मध्येच त्याचे वर्णन केले होते. साधारणपणे इजेनंतर १ ते ४ महिन्यांत ते सुरू होते. मांडी सुजते, गरम लागते, ताप येतो, सांधा आखडतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत काहीच दिसत नाही. तेव्हा रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज आणि हाडांचा स्कॅन यांची मदत होते. हे दिसते अगदी गुठळीसारखे. वर आणखी गोम अशी, की दोन्ही एकाच पायात एकाच वेळी असू शकतात. एक सापडले म्हणून दुसरे शोधणे थांबवायचे नसते.

चौथे, जंतुसंसर्ग. बोटांच्या बेचक्यातली चीर, रुतलेले नख, टाचेवरचा फोड, पार्श्वभागावरचा बेडसोर, यांतून जंतू आत शिरतात आणि पाय लाल होऊन सुजतो. पँट आणि मोजे न काढता पाय तपासणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही.

याखेरीज रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्नायूत रक्तस्राव होऊन पाय सुजू शकतो. इथे अंदाजाने गुठळीचे औषध वाढवले तर अपायच होईल. म्हणूनच नुसत्या अंदाजाने चालत नाही.

विदर्भात, तसेच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, आंध्र या भागांत नोकरी करणाऱ्या साथींसाठी आणखी एक गोष्ट. तिथे सुजलेला पाय दिसला की हत्तीरोगाचे नाव पटकन पुढे येते. हत्तीरोगाची तपासणी जरूर करावी. पण ती सूज बहुधा महिनोन्महिने, वर्षानुवर्षे वाढत जाते. काल नसलेली आणि आज आलेली सूज हत्तीरोगाच्या नावावर खपवू नये.

'बसून आलेली सूज' केव्हा म्हणायचे?

ती दोन्ही पायांवर जवळजवळ सारखी असते. संध्याकाळी वाढते, रात्रभर आडवे झाल्यावर सकाळी उतरते. बोटाने दाबले की खड्डा पडतो. पाय गरम नसतो, लाल नसतो, ताप नसतो. एवढे सगळे जुळले आणि वरची चार कारणे बाजूला झाली, तरच हा शब्द कागदावर लिहावा.

तेव्हाही काम संपत नाही. दोन्ही पाय नव्याने सुजले तर लघवीतील प्रथिने, रक्तातील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन तपासावे, हृदय पाहावे. औषधांची यादी वाचावी : रक्तदाबाच्या अम्लोडिपिनने पाय सुजतात आणि मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या गॅबापेंटिन, प्रीगॅबालिननेही सुजतात. लघवीच्या पिशवीचा पट्टा मांडीला आवळला आहे का, व्हीलचेअरच्या बैठकीची कड गुडघ्यामागे रुतते का, हेही पाहावे. याला यंत्र लागत नाही, डोळे लागतात.

मोजपट्टी, एक्स-रे, डॉप्लर

वेदना नाही तर निदान कशावर करायचे? मोजमापावर. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या खाली १० सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक फरक ही गंभीर खूण मानली जाते.

गुठळीची शक्यता ठरवण्यासाठी जगभर 'वेल्स' गुणपद्धती वापरतात. पाय लुळा असणे याला तिच्यात एक गुण आहे. पोटरीच्या घेरातील फरकाला एक. सुजलेल्या पायावरच खड्डा पडत असेल तर आणखी एक. दोन किंवा अधिक गुण झाले की गुठळीची शक्यता ठळक धरून सोनोग्राफी करायची असते. म्हणजे आपला साथी दवाखान्याच्या दारात शिरतो तेव्हाच त्याच्या खात्यावर एक गुण जमा असतो! शिरेवर दाबल्यावर दुखण्यालाही या पद्धतीत एक गुण आहे. तो त्याला मिळणे शक्य नसते. तेव्हा त्याचे गुण मोजताना ही उणीव ध्यानात धरलीच पाहिजे. अधिक चांगले कारण सापडले तर दोन गुण वजा होतात खरे, पण ते कारण सापडले पाहिजे, गृहीत धरता येत नाही.

खरी तपासणी म्हणजे शिरांची डॉप्लर सोनोग्राफी. चांगली शीर दाबली की चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. ना सुई, ना किरण. पहिली तपासणी कोरी निघाली आणि संशय कायम असला तर ५ ते ७ दिवसांनी ती पुन्हा करावी. ओटीपोटातल्या शिरा सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत. पूर्ण पाय सुजला असेल तर सीटी किंवा एमआरआयने त्या पाहाव्या लागतात. याबरोबर मांडी, गुडघा आणि नडगीचा एक्स-रे त्याच दिवशी.

सबबी आणि त्यांची उत्तरे

पहिली सबब : 'डी-डायमर करून घ्या, मग बघू.' ही रक्ततपासणी ताज्या इजेत, संसर्गात, शस्त्रक्रियेनंतर अशीही वाढलेलीच असते. ती वाढली म्हणून गुठळी सिद्ध होत नाही आणि संशय ठळक असेल तर ती ठीक आली म्हणून सोनोग्राफी टाळता येत नाही.

दुसरी सबब : 'सोनोलॉजिस्ट गुरुवारी येतात.' गुठळी गुरुवारची वाट पाहत नाही. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात की गुठळीची शक्यता ठळक असेल तर ४ तासांत सोनोग्राफी व्हावी. न झाल्यास रक्त पातळ करणारे औषध तात्पुरते सुरू करून २४ तासांच्या आत ती करावी. औषध द्यायचे की नाही, हे नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टरनेच ठरवायचे आहे. पण ठरवायचे आहे, आठ दिवसांवर ढकलायचे नाही. शिवाय जांघेत आणि गुडघ्यामागे शीर दाबून पाहण्याची छोटी तपासणी प्रशिक्षण घेतलेला तातडीच्या विभागातला डॉक्टरही करू शकतो. सोनोग्राफी यंत्राच्या नोंदणीचे नियम पाळून असे प्रशिक्षण देता येते. इच्छा हवी.

तिसरी सबब : 'प्रत्येक सुजलेल्या पायाची डॉप्लर करायची तर खर्च किती?' हा प्रश्न विचारणाऱ्यांनी एका माणसाच्या जिवाचा भाव आधी सांगावा. ज्याने प्रशासनाच्या कामात कणा मोडून घेतला, त्याच्या सोनोग्राफीचा हिशेब मांडायला लाज वाटली पाहिजे.

चौथी सबब बोलून दाखवली जात नाही, पण ती मनात असते : 'याचा पाय असाही निकामीच आहे.' ही वृत्ती जुनी आहे. लुळा पडलेला माणूस लवकरच जाणार असे धरून चालण्याची रीत दुसऱ्या महायुद्धापर्यंत होती. लुडविग गुटमन या डॉक्टरने १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेविल येथे ती मोडली. नियमाने कूस बदलणे, लघवीची निगा, व्यायाम आणि रोजची बारीक तपासणी एवढ्यावर त्यांनी अशी माणसे जगवली. आपल्या देशात १९५४ च्या अपघातात कमरेखाली लुळ्या झालेल्या डॉ. मेरी वर्गीस यांनी व्हीलचेअरवर बसून शस्त्रक्रिया केल्या आणि वेल्लोरला पुनर्वसनाचे काम उभे केले. निकामी कोण ते एकदा ठरवाच!

घरच्या माणसांना विनंती

वहिनी, आई, दादा, नवा सुजलेला पाय चोळू नका. तेल लावून मालीश करणे ही आपली मायेची रीत आहे. पण आत गुठळी असेल तर ती सुटण्याचा धोका असतो आणि हाड मोडले असेल तर ते आणखी सरकते. निदान होईपर्यंत व्यायामही थांबवा. गरम पाण्याच्या पिशवीने किंवा विटेने शेकू नका. संवेदना नसलेली कातडी भाजली तरी कळत नाही आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. त्याऐवजी पाय चांगला असतानाच दोन्ही पोटऱ्यांचा आणि मांड्यांचा घेर मोजून वहीत लिहून ठेवा. दर आठवड्याला मोजा. दवाखान्यात जाताना ती वही न्या. 'दुखतंय का' या प्रश्नाला उत्तर द्या : 'संवेदना नाही. घेर इतका वाढला आहे. डॉप्लर आणि एक्स-रे आजच हवा.' परप्रांतात असाल तर हे वाक्य तिथल्या भाषेत आधीच कागदावर लिहून ठेवा.

आमच्या मागण्या

१. मज्जारज्जूच्या इजेच्या प्रत्येक रुग्णाला रुग्णालयातून सोडताना दोन्ही पायांचा घेर, नेहमीचा रक्तदाब आणि इजेची पातळी लिहिलेले कार्ड द्यावे.

२. अशा रुग्णाच्या एका पायाला नवी सूज आल्यास त्याच दिवशी डॉप्लर आणि एक्स-रे व्हावा. सोय नसेल तर रुग्णवाहिकेने जवळच्या मान्यताप्राप्त रुग्णालयात पाठवावे. रेफरच्या कागदासाठी ताटकळत ठेवू नये.

३. 'बसून आलेली सूज' असे लिहिणाऱ्या डॉक्टरने इतर कारणे कशी वगळली, हे त्याच कागदावर लिहावे.

४. अशा कर्मचाऱ्याला कामाच्या वेळेत कूस बदलायला, पाय उंच ठेवायला आणि आडवे व्हायला जागा व सवलत मिळावी.

५. नियमित सेवेच्या बाहेर ठेवलेल्या ग्रामीण डाक सेवकाला आणि कंत्राटी कामगारालाही हाच नियम लागू करावा. गुठळी सेवापुस्तक पाहून होत नाही.

यातली एकही मागणी तिजोरी रिकामी करणारी नाही. कार्डाला चार आणे लागत नाहीत, टेपला दहा-वीस रुपये लागतात. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील अशा साथींची यादी करावी, त्यांच्या घरी जाऊन वही आणि टेप द्यावी आणि पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घालून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लेखी उत्तर घ्यावे. ज्याचा पाय बोलू शकत नाही, त्याच्या वतीने बोलण्यासाठीच संघटना असते.